उत्तर बरोबर, तरी गुण का कापले?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून यंदा एम.एस्सी. बायोइन्फर्मॅटिक्सला (जीवशास्त्र अधिक कॉम्प्युटर) गेली. तिचे शनिवार-रविवार होमवर्कमध्येच जातात. मागच्या वेळी दोन डीएनए क्रमांची जुळणी तिने वेबसाइटवरून काढून दिली. उत्तर बरोबर, तरी २० पैकी ६ गुण! वर्गातली कॉम्प्युटरवाली मुलं पुढे निघून जातात. कोर्स बदलावा का? होमवर्कचा कागद सोबत पाठवते आहे.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, कागद वाचला. पहिल्याच ओळीत ‘स्वतः प्रोग्राम लिहा’ असं म्हटलंय. जुळणी करून देणाऱ्या वेबसाइट आहेत हे सरांना ठाऊक असणारच. दोन क्रम समोरासमोर मांडून जुळवायची नीडलमन-वुन्श ही पद्धतच मुळी १९७० सालची. त्यांना बघायचं होतं, उत्तर कसं निघतं ते हिला कळलंय का. सहा गुण दिले हा सरांचा चांगुलपणा.

तिला लॅपटॉप मिटून चौकटींची वही घ्यायला सांगा. वर आडवी डीएनएची अक्षरं जी-ए-टी, डावीकडे उभी जी-टी. अक्षर जुळलं तर अधिक १, न जुळलं तर उणे १, मोकळी जागा सोडली तरी उणे १. सुरुवातीची रिकामी ओळ आणि रकाना धरून १२ चौकटी होतात. कोपऱ्यात शून्य, त्या ओळीत आणि रकान्यात पुढे उणे १, उणे २ असं. बाकी प्रत्येक चौकटीत वरून आणि डावीकडून (मोकळ्या जागेचा उणे १ धरून) आणि तिरकस (अक्षर जुळलं-न जुळलं ते धरून) असे तीन आकडे काढायचे नि सर्वांत मोठा लिहायचा. शेवटच्या चौकटीत १ आला, म्हणजे ए-समोर जागा सुटली, की गणित बरोबर. हे हाताने जमलं की प्रोग्राम म्हणजे दोन लूप, म्हणजे तीच कृती चौकटीमागून चौकट करायची सूचना. तो चुकला तर कुठल्या चौकटीत चुकला, ते वहीशी ताडून सापडतं.

तिसरा प्रश्न तिने कोरा सोडलाय, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मोकळ्या जागेचा दंड (वर धरला तो उणे १) बदलला की जुळणी बदलू शकते. त्यातली कोणती जीवशास्त्राला धरून आहे, असं विचारलंय. अहो, हा तर तिच्या हक्काचा! जीनमधली सलग तीन अक्षरं गळाली तर प्रथिनातलं साधारण एखादं अमिनो आम्ल कमी होतं. एकच गळालं तर तिथून पुढचं तीन-तीन अक्षरांचं सगळं वाचनच सरकतं. लूप झटपट लिहिणारी मुलं इथे अडतात. तिने त्यांना हे समजवावं, त्यांच्याकडून पायथन ही प्रोग्रामची भाषा शिकावी. चर्चा खुशाल करावी, कोड मात्र स्वतःचा. चॅटजीपीटी कितपत चालेल ते सरांनाच विचारावं. नोकरीच्या मुलाखतीत ‘ही ओळ का लिहिलीत?’ असं विचारतात, तेव्हा उसना कोड उघडा पडतो.

आणि हो, जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडू नकोस म्हणावं. मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या तो तारखा करून टाकतो. या घोळापायी २०२० च्या सुमारास त्या जीन्सची नावंच बदलावी लागली.

होमवर्क हातात पडलं त्याच संध्याकाळी निदान वाचून काढावं. शनिवारी अडलं तर विचारायला सर कुठून मिळणार? अर्धा तास एकाच एररवर गेला की उठावं.

कोर्स आत्ता बदलू नका, पहिलं सत्र पूर्ण होऊ द्या. त्यानंतरही स्वतःच्या कोडमधली चूक शोधायला बसणं तिला नकोसंच वाटलं, तर मायक्रोबायोलॉजीची पदवी हाताशी आहेच. औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये तिला मागणी असते, आणि त्या कामात मला काही कमीपणा दिसत नाही.