त्याचं चियांग माई कुपवाडातच आहे

पत्र : सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सीजीपीए ७.४. शिक्षणासाठी ४ लाख ८० हजारांचं कर्ज काढलंय, सहकर्जदार मी. आता म्हणतो, नोकरीच्या कॅम्पस मुलाखतींना बसणार नाही. कुणा डच माणसाचे व्हिडिओ बघून डोक्यात घेतलंय की लॅपटॉप घेऊन आधी गोव्यात, मग थायलंडला राहायचं आणि एकट्याने छोटी छोटी सॉफ्टवेअर करून विकायची. गुंतवणूकदाराचा पैसाही घ्यायचा नाही म्हणे. मागच्या दिवाळीत मामाच्या दूध संकलन केंद्रासाठी हिशेबाचं ॲप केलं, आता अकरा केंद्रं महिना तीनशे रुपये देतात. तेहतीसशे रुपये! माझ्याकडचा हेल्पर याच्या चौपट नेतो. रात्री केंद्रवाल्याचा फोन आला की हा जेवणाच्या ताटावरून उठतो. दोन महिने झाले, मी त्याच्याशी बोलत नाही. वायफायही काढून टाकलं. तरी मोबाइलच्या नेटवर रात्रभर जागा असतो, जेवणही वरच्या खोलीत मागवतो. मी २००१ साली नोकरी सोडून जुना लेथ घेतला. तेव्हापासून खाल्लेल्या खस्ता त्याच्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच. तुम्ही त्याला समजवा.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कर्ज, कॅम्पस, सीजीपीए यांचं बघता येईल. तुमच्या पत्रात मी अडले ती ‘दोन महिने बोलत नाही’ या चार शब्दांपाशी. एकवीस वर्षांचा मुलगा रात्रभर जागतो, खाली जेवायला येत नाही, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला त्यात धोका दिसतो. एकट्याने धंदा करणाऱ्याला सहकारी नसतो, साहेब नसतो, दुपारचा डबा वाटून खाणारं कुणी नसतं. महिनाभर खपून केलेली वस्तू कुणी घेतली नाही, तर ते सांगायला घरचीच माणसं उरतात. तुमच्या घरात ती वाटही बंद झाली आहे. उद्या त्याचं काही फसलं तर तो तुम्हाला सांगेल, असं आज तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकता का?

आणखी एक विचारते. थायलंडचं नाव त्याने पहिल्यांदा कधी काढलं? वायफाय काढण्याआधी की नंतर? क्रम पत्रात नाही, पण इतक्या वर्षांत अशी बरीच घरं पाहिली आहेत. ‘बंगळुरूला जायचंय’, ‘जर्मनीला जायचंय’ म्हणणाऱ्या मुलांशी तासभर बोललं की बऱ्याचदा कळतं, त्यांना या घरातून निघायचंय. तुमच्या मुलाचं तसंच असेल असा माझा दावा नाही. पण ते तपासायचं तर त्याच्याशी बोलावंच लागेल, आणि ते काम मी पत्रातून करू शकत नाही. आज जिना चढून त्याच्या खोलीत जा. कॅम्पसचा विषय काढू नका. झोप का लागत नाही, एवढं विचारा. बोलणं सुरू होऊनही झोप आणि जेवण ताळ्यावर आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता त्या डच माणसाबद्दल. तुमचा मुलगा बहुतेक पीटर लेव्हल्सचे व्हिडिओ बघत असणार. २०१४ साली त्याने बारा महिन्यांत बारा छोटे उद्योग सुरू करण्याचा संकल्प जाहीर केला. फिरतं राहून काम करणाऱ्यांसाठी शहरांची माहिती देणारी त्याची साइट त्यातूनच निघाली, आणि तिची सुरुवात झाली ती लोकांना भरायला खुल्या ठेवलेल्या एका साध्या तक्त्यापासून. गुंतवणूकदार नाही, नोकर नाहीत. हे सगळं खरं आहे. पण त्याने स्वतःच जाहीर लिहिलंय की सत्तरहून अधिक प्रकल्पांपैकी पैसे मिळवून वाढले ते चारच. आणि तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्याच्याच सांगण्यानुसार, त्या संकल्पाआधी आशियातून परतून तो नेदरलँड्समध्ये आईवडिलांच्या घरी खचून पडून होता, आणि काहीतरी करायला लाग म्हणून वडीलच त्याच्या मागे लागले. तोवर तो बोलता होता आणि वडीलही बोलत होते, म्हणून ते सांगणं त्याच्यापर्यंत पोचलं.

मुलाचा एक मोठा गैरसमज आहे. ‘स्वस्त ठिकाणी राहायचं आणि सॉफ्टवेअर विकायचं’ हे गणित युरोप-अमेरिकेतल्या माणसाचं आहे. ॲमस्टरडॅमच्या भाड्यापुढे थायलंडमधलं चियांग माई स्वस्त, म्हणून ती मंडळी तिथे जाऊन राहिली. साठवलेल्या युरोंवर तिथे दुप्पट-तिप्पट महिने निघतात, आणि तेवढ्या वेळात एखादी वस्तू चालण्याची शक्यता वाढते. या फिरण्यामागचा व्यवहार तो एवढाच. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो उलटा बसतो. कुपवाडात त्याला भाडं नाही, आई जेवू घालते, वीजबिल तुम्ही भरता. जगात कुठेही गेला तरी खर्च वाढणारच. गोव्यात हंगामात खोलीचं भाडं ऐकलं तरी त्याची तेहतीसशेची कमाई दोन-चार दिवसांत उडेल. थायलंडने जुलै २०२४ मध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा सुरू केला, एका वेळी १८० दिवस राहता येतं. त्यासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. बालीत असंच राहायचं तर इंडोनेशिया वर्षाला साठ हजार डॉलरची कमाई मागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करत बसणं हा मार्ग नव्हे. त्याचं चियांग माई तुमच्या घराचा वरचा मजला आहे, आणि तुम्ही त्याचंच वायफाय काढलंत!

परदेशी गिऱ्हाइकाला विकायलाही परदेशात राहावं लागत नाही. तिथे अडचण पैसे घेण्याची येते. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या स्ट्राइप कंपनीने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत. मग आपली वस्तू स्वतःच्या नावाने विकून पैसे आपल्याला देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत जायचं, तिची टक्केवारी द्यायची, आलेल्या रकमेचे बँकेचे कागद जपायचे. हे तो शिकेल, पण त्याला आज त्याची गरज नाही. त्याचं गिऱ्हाईक वीस किलोमीटरच्या आत आहे.

त्या अकरा केंद्रांना तुम्ही एका उद्गारचिन्हात उडवून लावलंत. मला मात्र सबंध पत्रात तीच सगळ्यात मोलाची वाटली. रात्री साडेआठला संकलन केंद्रात काय चाललेलं असतं, ते मी पाहिलंय. संध्याकाळचं दूध गेलेलं, कॅन धुऊन पालथे घातलेले. सचिव चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलमध्ये बघतोय. उद्या दहा दिवसांचं बिल. सत्तर-ऐंशी उत्पादक, प्रत्येकाचं सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यातून पशुखाद्याची कपात, आगाऊ घेतलेली उचल. कुणाच्या म्हशीचं फॅट ७.२ च्या जागी २.७ पडलं की तो माणूस सकाळी सहाला कार्ड घेऊन काट्यापाशी उभा राहतो आणि सगळ्या रांगेसमोर सचिवाला चोर ठरवतो. अशा वेळी सचिव ज्याला फोन करतो, तो तुमचा मुलगा आहे. तो ताटावरून उठतो कारण समोरचा माणूस खरोखर अडलेला असतो. कॅम्पसमध्ये बसणाऱ्या त्याच्या वर्गातल्या किती मुलांना आजवर एका तरी अनोळखी माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे दिले असतील? त्याला अकरांनी दिलेत, तेही दरमहा.

म्हणून त्याचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. अकरातली मामाच्या ओळखीची किती, हे त्याला विचारा. ओळखीबाहेरचं केंद्र मिळवायला सायकल-मोटरसायकलवरून दारोदार जावं लागेल, सचिवासोबत चहा प्यावा लागेल, नकार घ्यावा लागेल. कोड लिहिणाऱ्या मुलांना हे नको असतं. नवी सुविधा लिहीत बसणं सोपं, विकायला जाणं जड. थायलंडात बसून तर ते होणारच नाही.

इथे तुम्ही उपयोगी पडाल, माझ्याहून कितीतरी जास्त. २००१ साली नोकरी सोडून जुना लेथ घेणाऱ्या माणसाने कुणाचा पैसा घेतला होता? जॉबचा दर कसा सांगायचा, उधारी किती ताणू द्यायची, वर्कशॉप एकाच कंपनीच्या ऑर्डरवर चालत असेल आणि ती ऑर्डर तुटली तर त्या महिन्यात पगार कसे भागवायचे, हे त्याला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही. तुम्ही खाल्लेल्या खस्ता त्याच्यापासून लपवून ठेवल्यात, तर त्याला त्या नव्याने खाव्या लागतील. तीनशे रुपये दर बरोबर आहे का, हे त्याच्यासोबत बसून काढा. मला तो कमी वाटतो.

आता कर्ज. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून चढत असतं. तुमचं कर्ज तोवर सहा लाखांवर गेलं असं धरू. साडेदहा टक्के दर, दहा वर्षं मुदत, तर हप्ता आठ हजार शंभरच्या आसपास. तीनशेने भागा, सत्तावीस केंद्रं. सर्व्हर आणि एसएमएसचा खर्च धरून पस्तीस म्हणा. अकरावरून पस्तिसावर जायला त्याच्याकडे जवळपास दीड वर्ष आहे. हा आकडा कागदावर लिहून दोघांनी त्याखाली तारीख टाका. हप्ता चुकला तर सहकर्जदार म्हणून तुमचाही सिबिल स्कोअर, म्हणजे बँकेतली पत, खाली येतो, हे त्याला स्पष्ट सांगा. ते ऐकण्याइतका तो मोठा आहे. तारखेला पस्तीस झाली नाहीत तर तो नोकरी शोधेल, हेही त्याच कागदावर असू द्या, आणि त्याआधी महिन्या-महिन्याला टोचू नका.

‘नोकरी कर आणि फावल्या वेळात हे कर’ असं तुम्ही म्हणालच. वाईट नाही. पण बऱ्याच आयटी कंपन्यांच्या करारात दुसऱ्या उत्पन्नाला बंदी असते, काहींत नोकरीच्या काळात लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते. त्या वाटेने जायचं तर सही करण्याआधी ती कलमं वाचा आणि ॲपचं लेखी कळवून परवानगी घ्या. कॅम्पसच्या परीक्षेला त्याने बसावं, असं माझं मत आहे. मुलाखतीचा सराव होतो, हातात नोकरीचं एक पत्र असलेलं बरं. नाहीच बसला तर आभाळ कोसळत नाही. सीडॅक, गेट, कॅट या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षा पुढच्या वर्षीही असतील.

कागदपत्रांचं ओझं सध्या नाहीच. वीस लाखांच्या आत उलाढाल असेपर्यंत सेवांना साधारणतः जीएसटी नोंदणी लागत नाही, छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते. तुमच्या सीएंना एकदा विचारा.

तुम्ही मला ‘त्याला समजवा’ म्हणालात. त्याच्याशी मी बोलेन, पण त्याने स्वतः लिहिलं तर. पत्र तुमच्या नावाने नको. केंद्रं किती झाली, किती सुटली आणि सुटली ती का सुटली, एवढं त्याने लिहिलं तरी पुरे. आणि आज रात्री साडेआठला फोन आलाच, तर त्याचं ताट झाकून ठेवा आणि तो परत येईपर्यंत तुम्हीही बसून राहा.