नवगावचे दगड वाचण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं, फोटोही नीट पाहिले. अलिबागजवळच्या नवगावचं बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कबरस्तान नोंदवायचं मनात घेतलं आहेस, फार बरं वाटलं. फोटोंवरून दिसतं की तू थेट दगडांना भिडली आहेस. उत्साह समजतो, पण माझं ऐकशील तर दगडांचं काम पावसाळाभर बाजूला ठेव आणि आधी माणसांकडे जा.

कबरस्तान कितीही जुनं असलं, गवतात गेलेलं असलं, तरी ते कुणाच्या तरी आजे-पणज्यांचं असतं. नवगावात ज्यांना पुरलं आहे त्यांची नातवंडं-पतवंडं आज मुंबईत, ठाण्यात आहेत. १९४८ नंतर बरीच घरं इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना या गावांत अलिबाग-पेणकडची आडनावं भेटतात. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. म्हणजे तू ज्या दगडांना बेवारस समजतेस त्यांचे वारस मराठी बोलणारे आहेत, फक्त लांब आहेत. त्यांना न विचारता त्यांच्या माणसांच्या कबरींचे फोटो गावभर फिरवणं मला पटत नाही.

म्हणून पहिली फेरी अलिबागच्या इस्रायल आळीत मार. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८४८ मध्ये उभं राहिलं आणि १९१० मध्ये नव्यानं बांधलं गेलं. जुनी मंडळी त्याला ‘मशीद’च म्हणत आली, त्यामुळे कुणी म्हाताऱ्या बाई ‘आमची मशीद’ म्हणाल्या तर गोंधळू नकोस. देखरेख करणाऱ्यांना भेट, काय करायचं आहे ते सरळ सांग, परवानगी माग. शनिवारी मात्र जाऊ नकोस. शब्बाथच्या दिवशी ती माणसं लिहीतसुद्धा नाहीत. तुला साधा फोन नंबर लिहून द्यायचा तरी त्यांना अवघड होईल. कबरस्तानात जाताना डोकं झाक. कुठं कबरीवर ओळीनं छोटे खडे ठेवलेले दिसले तर हलवू नकोस, भेटायला आलेल्यांनी ते आठवण म्हणून ठेवलेले असतात. निघताना हात धुण्याची रीत आहे, तीही पाळ.

दुसरी फेरी शेजाऱ्यांकडे. नवगाव, थळ, किहीमच्या आगरी-कोळी घरांतल्या वयस्कर बायकांना विचार. ‘तुम्हाला बेने इस्राएलांचा इतिहास माहीत आहे का’ असं विचारशील तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘तेलाचा घाणा कुठं होता’ असं विचार. या किनाऱ्यावर बेने इस्राएल तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घाण्याची जागा कळली की घराची कळते, विहिरीची कळते, मग कोण कुणाकडे मलिद्याला जायचं इथपर्यंत गोष्ट येते. मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं केलेलं पोहे, गूळ, खोबरं नि फळांचं ताट. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूंच्या रथाची खूण मानलेला कातळ आहे, तोही बघून ये.

आता त्या दोन उंचवट्यांबद्दल. परंपरा अशी की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि वाहून आलेल्या मृतदेहांपैकी पुरुषांना एका ठिकाणी नि बायकांना दुसऱ्या ठिकाणी पुरलं. तेच हे उंचवटे. तू विचारतेस, हे खरं मानायचं की नाही? माझं मत स्पष्ट आहे: वहीत दोन रकाने कर. एकात लोक काय सांगतात, दुसऱ्यात दगडावर काय आहे. उंचवट्यांवर काळ सांगणारा जुना लेख नाही, म्हणून सन लिहू नकोस. पण ‘दंतकथा’ म्हणून झटकूनही टाकू नकोस. याच किनाऱ्यावर चित्पावनांच्या कथेतही समुद्रानं आणून टाकलेले चौदा देह आहेत, परशुरामानं जिवंत केलेले. दोन समाज, एकच किनारा, एकच चौदाचा आकडा. यावर कुणी घाईनं सिद्धांत मांडला की मी सावध होतो; नोंद मात्र दोन्हींची हवी. हा समाज स्वतःकडे कसा पाहतो हे त्या कथेतूनच कळतं, आणि ते कळल्याशिवाय कबरस्तान याच जागी का, याचं उत्तर मिळत नाही.

इतकं झाल्यावर दगड.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. ऊन आडवं आलं पाहिजे, तेव्हाच झिजलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते. दुपारी बाराला जो दगड कोरा दिसतो तो साडेसातला वाचता येतो. झाडाच्या सावलीतल्या दगडावर हातआरशानं उजेड बाजूनं टाक, समोरून नाही. खडू, पीठ, राख, काहीही घासू नकोस. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, फिनाईल नको, खोबरेल तर अजिबात नको. साफ करायची परवानगी असेल तरच मऊ ब्रश आणि गोडं पाणी. तुझ्या फोटोंतल्या एका दगडावर कुणीतरी काळ्या ऑइलपेंटनं अक्षरं ‘उठवली’ आहेत. ज्यानं केलं त्याचा हेतू चांगला असेल, पण त्यानं वाचताना जे चुकलं ते आता कायमचं दगडावर बसलं आहे. असा दगड वाचताना रंगावर विश्वास ठेवू नकोस, खाच कुठं आहे ते बघ. खाऱ्या हवेत संगमरवर लवकर जातो. काळा दगड टिकतो. संगमरवरावर शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि ती गळून पडली असतील, तरी ती धरून ठेवणारी बारीक भोकं राहतात. भोकांच्या जागा कागदावर उतरवून घे, त्यांवरून अख्खं नाव लागतं.

हिब्रूला घाबरू नकोस. ओळ उजवीकडून सुरू होते. वर बहुधा दोन अक्षरं दिसतील, पे आणि नून. ‘इथे पुरलं आहे’ याचं ते संक्षिप्त रूप. खाली शेवटी पाच अक्षरं असली तर तो आत्म्याला जीवनाच्या गाठोड्यात बांधून घेण्याचा आशीर्वाद. तुला खरं हवं असतं ते यांच्या मधलं, नाव आणि सन. सन अक्षरांतच असतो, कारण हिब्रू अक्षरांना किंमत असते. समज ताव, रेश, सामेख अशी तीन अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, सामेख ६०, झाले ६६०. वरचे पाच हजार बहुतेक लिहीत नाहीत, म्हणजे वर्ष ५६६०. ६६० मध्ये १२४० मिळव, आले १९००. पण त्यांचं वर्ष तिश्री महिन्यात, आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होतं. तेव्हा महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर सन १८९९ धरायचा, आणि चौथा महिना तेवेत असेल तर दिवस मोजून ठरवायचं. खाली मराठीत इंग्रजी तारीख दिलेली असेल तर दोन्ही ताडून बघ. जुळली नाही तर जुळवून घेऊ नकोस, दोन्ही लिही. गवंड्याच्या हातून अंक चुकतो, घरच्यांनी सांगितलेली तारीखही चुकते, आणि कोण चुकलं ते कधीकधी तिसऱ्याच कागदावरून कळतं.

मराठी मजकूर उतरवताना शुद्धलेखन सुधारायचं नाही. ऱ्हस्वदीर्घ, तुटलेला शब्द, ओळ जिथं संपते तिथंच तुझ्याही वहीत संपली पाहिजे. दिसत नाही तिथं टिंबं, अंदाज असेल तर कंसात. आणि प्रत्येक दगडाचे निदान तीन फोटो काढ: अख्खा दगड, मजकूर जवळून, आणि शेजारच्या दोन कबरींसकट. तिसरा फोटो लोक काढत नाहीत आणि नंतर पस्तावतात. नवरा-बायको, बाप-लेक हे नातं मजकुरात नसलं तरी जागेवरून बरेचदा कळतं.

नावांचं एक सांगतो, कारण इथंच मोजणी फसते. जुन्या पिढीत एकाच माणसाची दोन नावं असत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर हे एकच. कंपनीच्या फौजेतले हे अंमलदार टिपूच्या लढाईत कैद होऊन सुटून आले होते. दगडावर एक नाव आणि सरकारी दप्तरात दुसरं, असं तुला नक्की भेटेल. आडनावं मात्र सोन्यासारखी आहेत. केहीमकर, नवगावकर, चेऊलकर, नागावकर, पेणकर, राजपूरकर, अष्टमकर, दिवेकर. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून ती गावं खुणावत जा, म्हणजे चौलपासून रोह्यापर्यंत ही घरं कशी पसरली होती ते दिसेल. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून ठेवला होता आणि तो छापून निघाला १९३७ मध्ये. चाळीस वर्षं ते बाड जपणारे कुणीतरी होते. तुझ्या वहीचंही तसंच होईल असं धरूनच लिही: शाई पाण्यानं न फुटणारी, पानांना आकडे, प्रत दुसऱ्या घरात. १८८३ चं कुलाबा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेलं या जिल्ह्याचं माहितीपुस्तक, सोबत ठेव, पण त्यावर विसंबू नकोस. ते साहेबाच्या कामासाठी लिहिलेलं आहे.

सगळा किनाराच असा वाचता येतो. अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, १७२९ मध्ये ते गेले. मुरूडजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे घुमट आहेत. त्यांच्यातल्या याकूतखानाचा मृत्यू १११८ हिजरीतला, म्हणजे सन १७०६. हयातभर या दोन घराण्यांची झुंज चालली आणि दोघांच्या कबरी-समाध्या एकाच जिल्ह्यात, एका दिवसात पाहून होतील एवढ्या अंतरावर आहेत. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानतात. ७८ मिळवले की १०१२. त्या वाचनावर मतभेद आहेत, पण मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो कित्येक वर्षं रस्त्याकडेला उभा होता. हे सगळं बघून ये, नजर तयार होते. काम मात्र नवगावचंच धर. एक कबरस्तान पुरं केलेलं बरं. दहा अर्धवट सोडून कुणाचंच भलं होत नाही.

एक काळजीची गोष्ट. अलिबागच्या जमिनीला आता काय भाव आहे ते तुला ठाऊक आहे. समुद्राकडची मोकळी जागा दिसली की कुंपण सरकायला वेळ लागत नाही. म्हणून हद्दीचे दगड, कुंपण, वाट, जवळची विहीर, मोठी झाडं हे सगळं पहिल्याच दिवशी नकाशावर घे आणि तारीख टाक. उद्या वाद झालाच तर तुझ्या वहीतला तो नकाशा नावांच्या यादीपेक्षा जास्त कामी येईल. त्याची एक प्रत सिनेगॉगच्या मंडळींकडे दे. जिवंत माणसांची नावं, पत्ते, कोण कुणाचा वारस, हे मात्र फेसबुकवर टाकायचं नाही. अलीकडच्या कबरींचे फोटोही घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नकोत.

आता पाऊस तोंडावर आहे. गवत वाढेल, साप असतात, आणि ओल्या दगडावर अक्षर नीट लागत नाही. तेव्हा कोजागिरीपर्यंत आत जाऊ नकोस. हे चार महिने इस्रायल आळी, नवगावातली घरं आणि नगरपालिकेची मृत्यूनोंद यांना दे. हिब्रू अक्षरं बावीसच आहेत, रोज एक गिरवलंस तरी महिन्यात होतील. शब्दाच्या शेवटी पाच अक्षरांचं रूप बदलतं, तेवढी वेगळी लिहून ठेव. कोजागिरीनंतर मला कळव, पहिली रांग आपण दोघं मिळून उतरवू. मोठा आरसा मी आणतो. तू टेप आण, कापडी, तीस मीटरची.

तुझा,
सर