आधी गोष्ट, मग वचन

बडोद्यात रविवारी मुलांचा वाचनवर्ग घेणार आहेस, बरं वाटलं. एक सांगते, ‘ख्रिस्तपुराणा’पासून सुरुवात करू नकोस. बायबलची कथा ओव्यांत सांगणारा फादर स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ चा, ओव्या जवळजवळ ११,०००. आणि आपली मुलं घरात मराठी, रिक्षात गुजराती, शाळेत इंग्रजी बोलणारी. माझ्या वर्गात तिसऱ्या ओवीलाच जांभया सुरू झाल्या होत्या. मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या तेवढ्या चालीवर म्हणून घे.

त्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घे. त्यांचे पती टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, एवढं आधी सांग! १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मात्र हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळे होते. इथे मुलं हमखास चिडतात, “बायकोला न विचारता?” चिडू दे. टिळकांची वकिली करू नकोस. मी केली होती, पोरींनी मला गप्प केलं. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद कसा गळून पडला, तो भाग सावकाश वाचा, आणि मगच बायबलमधल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडा, वचन २८, ख्रिस्तात सगळे एक, कुणात भेद नाही असं सांगणारं. आधी उघडलंस तर मुलं पुस्तक न वाचताच ‘बरोबर उत्तर’ देतात. चर्चमध्ये वाढलेली पोरं त्यात तरबेज.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी त्यांना प्रचारकी वाटेल. वाटू दे. विधवांच्या हालांची निवडक पानं पुरेत.

आणि झेरॉक्स काढताना अक्षर मोठं ठेव.