एमएस : डाग दिसला म्हणजे निदान झालं असं नाही

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि नेत्रनाडीतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, असा हा आजार. बहुतेकांमध्ये तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. या विषयावर आलेल्या पत्रांत एमआरआयच्या रिपोर्टाने घाबरलेल्यांची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : वय ३४. दहा वर्षांपासून अर्धशिशी आहे. डोकेदुखी वाढली म्हणून मेंदूचा एमआरआय केला. रिपोर्टात ‘अनेक लहान पांढरे डाग, डिमायलिनेशनची (मायलिनचं आवरण जाण्याची) शक्यता’ असं लिहिलंय. हातपाय, डोळे, लघवी सगळं व्यवस्थित आहे. मला एमएस झालाय का?

तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. अर्धशिशी असलेल्या कित्येकांच्या मेंदूत असे बारीक ठिपके दिसतात. वाढतं वय, रक्तदाब आणि धूम्रपान यांनीही ते येतात. एमएस नसताना एमएसचा शिक्का बसलेल्यांमध्ये अर्धशिशीच्या रुग्णांचा भरणा मोठा असतो, आणि त्यांतले काही जण वर्षानुवर्षं नको असलेलं औषध घेत राहतात.

निदानासाठी जगभर मॅकडोनाल्ड निकष वापरतात. ते २००१ साली आले, २०१७ मध्ये मोठी सुधारणा झाली आणि पुढची २०२४ ची. पण हे निकष मुळात एमएसचा ठरावीक अटॅक येऊन गेलेल्यांसाठी आहेत. ठरावीक म्हणजे कसा? एका डोळ्याने धूसर दिसतं आणि डोळा फिरवताना दुखतो. एकाच्या दोन वस्तू दिसतात. कमरेखाली बधिरपणा येतो किंवा पोटाभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मान पुढे झुकवली की पाठीतून विजेची लहर जाते. हे काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातं आणि निदान २४ तास टिकतं. नुसती डोकेदुखी, चक्कर किंवा अंगभर फिरत्या मुंग्या यांना हे निकष लावले की निदान चुकतं.

डाग किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. जागा चार : मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून, मेंदूच्या बाह्य थरात किंवा त्याला चिकटून, मेंदूचा देठ व लहान मेंदू, आणि मज्जारज्जू. यांपैकी किमान दोन ठिकाणी डाग हवेत. २०२४ च्या निकषांत नेत्रनाडी ही पाचवी जागा धरली आहे. ‘लागून’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. एमएसचा डाग बहुधा लंबगोल, ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, पोकळीच्या भिंतीला टेकलेला आणि तिच्याशी काटकोनात उभा असतो. भिंत आणि डाग यांच्यात निरोगी मेंदूची फट दिसत असेल, तर तो डाग या जागेत मोजायचा नाही. रिपोर्ट घाईत लिहिला गेला की नेमकी हीच फट नजरेतून सुटते.

तेव्हा रिपोर्टाचा कागद नव्हे, एमआरआयची सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. शंका उरलीच तर मज्जारज्जूचा एमआरआय फार उपयोगी पडतो, कारण अर्धशिशीने किंवा वयाने मज्जारज्जूत डाग पडत नाहीत. मेंदूचा पुन्हा करायचा झाल्यास ३ मिलिमीटरचे काप आणि बाजूने घेतलेला फ्लेअर सिक्वेन्स (एमआरआयमधल्या चित्रांचा एक प्रकार) मागावा. डागाच्या मधोमध बारीक शीर दिसते का, हेही योग्य सिक्वेन्सवर पाहता येतं. एमएसच्या डागांत ती बहुधा असते, अर्धशिशीच्या ठिपक्यांत सहसा नसते. बी-१२ मात्र तपासून घ्या. आणि निदान पक्कं होईपर्यंत ‘खबरदारी म्हणून’ एमएसचं औषध सुरू करू देऊ नका.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची. चार दिवसांपासून उजव्या डोळ्याने धूसर दिसतं, डोळा हलवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. जवळच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. एवढ्याने भागेल?

नाही. हा अंक हातात येण्याची वाट न पाहता तिला तज्ज्ञांकडे नेलं असेल अशी आशा आहे. हे नेत्रनाडीच्या सुजेचं चित्र आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोनच्या नुसत्या गोळ्या घेतलेल्यांना ही सूज पुन्हा येण्याचं प्रमाण उलट वाढलं. योग्य मात्रा म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस. १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात १२५० मिलिग्रॅम, तिला मिळतंय त्याच्या वीसपट. बऱ्याच जणांना सलाईनमधून दिलं म्हणजेच गुण येतो असं वाटतं. खरा फरक मात्रेचा आहे : एमएसच्या अटॅकमध्ये तेवढीच मोठी मात्रा तोंडाने दिली तरी परिणाम तेवढाच मिळतो, हे २०१५ च्या चाचणीत दिसलं. चालू गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका. त्यांचं पुढे काय करायचं ते तज्ज्ञ ठरवतील.

आधी साखर, रक्तदाब आणि लघवीची तपासणी हवी. लपलेल्या जंतुसंसर्गावर एवढं स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो. डोस सकाळी द्यावा, नाहीतर रात्री झोप लागत नाही. तोंडाला धातूसारखी चव येते, ती जाते. स्टेरॉइडने दृष्टी लवकर परतते, पण शेवटी किती परतेल ते त्याने फारसं बदलत नाही.

डॉक्टर एक साधी तपासणी करतील. अंधाऱ्या खोलीत टॉर्च चांगल्या डोळ्यावर धरली की दोन्ही बाहुल्या आकसतात. तीच टॉर्च झटकन दुखऱ्या डोळ्यावर नेली, की प्रकाश समोर असूनही बाहुली आकसायच्या ऐवजी हळूच रुंदावते. त्या नाडीतून प्रकाशाचा निरोप कमी पोचतोय, याचा हा पुरावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी करायला हवं. थेंब पडले की ही खूण पुसली जाते.

दोन्ही डोळे एकदम गेले, समोरची बोटंही मोजता येत नाहीत किंवा दोन आठवड्यांत काहीच सुधारणा नाही, तर हा साधा एमएस नसावा असं समजून अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडी तपासतात आणि प्लाझ्मा बदलण्याचा विचार लगेच करतात : दिवसाआड ५ ते ७ वेळा. इथे उशिराची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

मेंदूचा एमआरआय करायलाच हवा. वर सांगितलेल्या १९९२ च्या चाचणीतल्या रुग्णांना १५ वर्षं पाहिलं गेलं : सुरुवातीला मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यापैकी २५ टक्क्यांना पुढे एमएस झाला, एक किंवा जास्त डाग होते त्यांच्यापैकी ७२ टक्क्यांना.

प्रश्न : मी फॅमिली डॉक्टर आहे. एमआरआय स्पष्ट असताना रुग्णाच्या पाठीतलं पाणी काढायचा आग्रह न्यूरॉलॉजिस्ट का धरतात?

दर वेळी गरज नसते. पण अटॅक एकच झालाय आणि आजार काळाच्या ओघात पसरतोय हे एमआरआयवरून सिद्ध होत नाही, तेव्हा पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड (तपासणीत दिसणारे अँटिबॉडींचे पट्टे) ती उणीव भरून काढतात. इथे एक चूक वारंवार होते : प्रयोगशाळेत फक्त पाणी जातं. त्याच वेळी काढलेलं रक्त सोबत हवंच, कारण पाण्यात आहेत पण रक्तात नाहीत असे दोन किंवा अधिक बँड मोजायचे असतात. रक्ताविना आलेला रिपोर्ट वाचण्यात अर्थ नाही, आणि रुग्णाला सुई पुन्हा टोचावी लागते. पाण्यात पेशी ५० च्या वर किंवा प्रथिनं डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर असतील, तर एमएस बाजूला ठेवून दुसरं काही शोधा. सुई बारीक, पेन्सिलच्या टोकाची वापरली की नंतरची डोकेदुखी बरीच टळते.

तुमच्या पातळीवर लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार. मज्जारज्जूतला डाग सलग तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब असेल, किंवा पोटात काही नसताना उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबत नसेल, तर अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी सेल-बेस्ड पद्धतीने तपासा. रक्त शक्यतो स्टेरॉइड आणि प्लाझ्मा बदलण्याआधी काढा. इंटरफेरॉन, फिंगोलिमोड आणि नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं या आजाराला बिघडवू शकतात, म्हणून हा फरक औषधाआधी कळायला हवा.

प्रश्न : दोन वर्षं फिंगोलिमोड घेत होतो. एकही अटॅक नाही म्हणून दोन महिन्यांपूर्वी गोळी बंद केली. आता भीती वाटते. उद्यापासून परत सुरू करू का?

उद्या आधी डॉक्टरांना फोन करा, गोळी घेऊ नका. अटॅक आला नाही तो या गोळीमुळेच. ती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना लसिकाग्रंथींत अडकवून ठेवते. गोळी थांबली की त्या पुन्हा रक्तात उतरतात, आणि बंद केल्यावर साधारण दोन ते चार महिन्यांत काहींना आधीपेक्षा जोरदार अटॅक येतो. तुम्ही नेमके त्याच काळात आहात. नॅटालिझुमॅब थांबवल्यावरही असंच होतं.

परत सुरू करण्यातही एक धोका आहे. १४ दिवसांपेक्षा जास्त खंड पडला असेल तर पहिला डोस पुन्हा पहिल्यासारखाच द्यावा लागतो, कारण त्याने नाडी मंदावते : आधी ईसीजी, मग ६ तास देखरेख, दर तासाला नाडी आणि रक्तदाब, शेवटी पुन्हा ईसीजी. सुरू केल्यावर ३ ते ४ महिन्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी, सूज येते का हे पाहण्यासाठी.

औषध बदलण्याचा विचारही याच भेटीत होऊ शकतो. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरॅमर ही जुनी इंजेक्शनं सौम्य आहेत, पण सुरक्षित. डायमिथाइल फ्युमरेट १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एक आठवड्याने २४० मिलिग्रॅम दोनदा. चेहरा लालबुंद होणं आणि पोटदुखी जेवणासोबत घेतल्याने कमी होते. लिम्फोसाइट ५०० च्या खाली सहा महिने राहिले तर हे औषध बंद करतात. ऑक्रेलिझुमॅब पहिल्यांदा ३०० मिलिग्रॅम दोनदा, दोन आठवड्यांच्या अंतराने, पुढे दर सहा महिन्यांनी ६०० मिलिग्रॅम. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे, कारण यकृतात दबून बसलेला विषाणू या औषधाने बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी झाल्यावर उसळतो. कांजिण्यांची प्रतिकारशक्ती, क्षयाची चाचणी आणि आयजीजी या अँटिबॉडीची पातळीही आधीच पाहून ठेवावी. जिवंत लस द्यायची असेल तर ती निदान चार आठवडे आधी. नॅटालिझुमॅबसाठी जेसी विषाणूची अँटिबॉडी दर सहा महिन्यांनी तपासतात. ती असेल आणि औषधाला दोन वर्षं उलटली असतील, तर पीएमएल या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोका वाढत जातो.

आमचं स्पष्ट मत : पहिल्या एमआरआयमध्येच मज्जारज्जूत डाग असतील किंवा अटॅकनंतर कमजोरी शिल्लक राहिली असेल, तर सौम्य औषधापासून पायरी-पायरीने वर जाण्यात हातातली वर्षं जातात. प्रभावी औषध सुरुवातीलाच द्यावं. कोणतंही औषध सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी एक एमआरआय घ्यावा आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी. औषध लागू पडण्याआधी आलेला डाग नाहीतर त्या औषधाच्या नावावर जमा होतो.

प्रश्न : गरम पाण्याने अंघोळ केली की पूर्वी अधू झालेला डोळा पुन्हा धूसर होतो. नवीन अटॅक?

नाही. आवरण गेलेल्या तंतूतून शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं तरी संदेश अडखळतो. हे १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी नोंदवलं. अंग थंड झालं की दृष्टी परत येते, नुकसान होत नाही. ताप आला किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी जुनी लक्षणं अशीच वर येतात. तेव्हा स्टेरॉइडआधी लघवी तपासा.

प्रश्न : लग्नाला तीन वर्षं झाली, टेरिफ्लुनोमाइड चालू आहे. मूल हवंय. एमएसमध्ये शक्य आहे का?

नक्की शक्य आहे. एमएसमुळे गर्भधारणेला मनाई नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक बरेच कमी होतात, बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. अडचण तुमच्या औषधाची आहे. ते बाळाला घातक ठरू शकतं आणि बंद केल्यावरही महिनोन्‌महिने शरीरात राहतं. म्हणून गर्भनिरोधक चालू ठेवूनच ते धुऊन काढावं लागतं : कोलेस्टिरामिन ८ ग्रॅम दिवसातून तीनदा, ११ दिवस. मग १४ दिवसांच्या अंतराने दोनदा रक्तातली पातळी ०.०२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली आल्यावरच प्रयत्न सुरू करायचे. मधल्या काळात ग्लॅटिरॅमर किंवा इंटरफेरॉन चालतं.

प्रश्न : वडिलांना (५२) एमएस आहे. लघवीला सारखं जावं लागतं, तरी पूर्ण होत नाही. दिवसभर थकवा. काय करावं?

लघवी आवरण्याची गोळी लगेच देऊ नका. लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे आधी सोनोग्राफीवर मोजा. १०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल, तर त्या गोळीने ती आणखी तुंबते आणि संसर्ग होतो. तेव्हा दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करणं हाच उत्तम मार्ग. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण नर्सकडून नीट शिकलं की बहुतेकांना जमतं आणि रात्रीची झोप परत मिळते. उरत नसेल तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन देता येतं. ऑक्सिब्युटिनिनने विसराळूपणा वाढू शकतो, म्हणून ते शक्यतो टाळावं.

थकव्याला आधी दुसरं कारण शोधा : रक्त कमी आहे का, थायरॉइड, नैराश्य, रात्री लघवीसाठी चार वेळा उठणं, पायांचा कडकपणा. कडकपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर तेही सुस्ती आणतं. मात्रा कमी करायची तर हळूहळू, कारण ते एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. थकव्यासाठी सर्रास लिहून दिली जाणारी अ‍ॅमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही औषधं २०२१ च्या चाचणीत रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. नियमित, झेपेल एवढा व्यायाम जास्त उपयोगी पडतो : थंड वेळी, पंख्याखाली, दहा मिनिटांपासून सुरुवात करून, दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत.