कृषी सल्ला : बांबूसारखा वाढणारा रानटी डेलिया

प्रश्न : महाबळेश्वर-पाचगणी भागातील काही स्ट्रॉबेरी उत्पादकांनी विचारले आहे की, 'बांबू डेलिया' म्हणून जाड काठ्या विकत मिळाल्या. हा खरोखर रानटी डेलिया आहे का? बांधावर लावला तर चालेल का? फुले बाजारात जातील का?

उत्तर : वर्णनावरून तुमच्याकडच्या काठ्या डेलिया इम्पेरिआलिस या जातीच्या असाव्यात. मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या डोंगराळ भागात ती रानात उगवते. युरोपात या जातीचे वर्णन 1863 साली प्रसिद्ध झाले. बागेतला डेलिया कमरेच्या आसपास थांबतो, हा मात्र एका हंगामात पाच-सहा मीटर आणि सोयीच्या जागी त्याहूनही उंच जातो.

ओळख पटवायला फुलाची वाट पाहू नका. काठी आडवी कापून बघा. दोन सांध्यांच्या मध्ये ती पोकळ असते, सांध्यावर पडदा असतो आणि हिरव्या काठीच्या पोकळीत अनेकदा पाणी साठलेले सापडते. पाने समोरासमोर येतात आणि एकेक पान हातभर लांब, दोनदा-तीनदा विभागलेले असते. बांबूला असे पान कधीच येत नाही. गल्लत होते ती मोंटानोआ या झुडपाशी. त्याचीही पाने समोरासमोर आणि मोठी असतात, पण ती फक्त खोल कातरलेली असतात, सुट्या पर्णिकांची (छोट्या पानांची) नसतात. त्याची फुले पांढरी आणि झुपक्यात येतात. इम्पेरिआलिसचे फूल फिकट जांभळे, मध्ये पिवळे, बहुधा आठ पाकळ्यांचे आणि खाली झुकलेले असते.

झाडासारख्या वाढणाऱ्या डेलियाच्या आणखीही जाती आहेत, त्यामुळे जातीचे नाव लावून रोपे विकायची असतील तर माझ्या अंदाजावर विसंबू नका. फूल, पान आणि काठीचा तुकडा वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात दाखवा.

लागवड सोपी आहे. फुलोरा संपल्यावर पक्व काठीचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा आणि उसाची टिपरी लावतो तसे आडवे, चार बोटे खोल ठेवा. उभे खोचले तर पोकळीत पाणी शिरून तुकडा सडतो. ओल राखा, चिखल नको. तुमच्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची आहे. एवढ्या पावसात कंद सपाट जमिनीत तग धरत नाही, म्हणून उंच गादीवाफा, उतारावरची जागा आणि कुजलेले शेणखत हवेच. रोपे उन्हाळ्यातच मुळे धरतील अशा बेताने लावा, म्हणजे जूनपर्यंत झाड सावरलेले असेल. युरिया जास्त झाला तर नुसती कोवळी काठी वाढते आणि वाऱ्याने मोडते. तीन-चार बांबूंचा आधार सुरुवातीलाच द्या.

दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरतात, त्यामुळे फुले पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडावर येतात. वेण्णा तलावाच्या परिसरात ज्या वर्षी दव गोठते, त्या वर्षी कळ्या आणि पाने काळी पडतील. कंद जमिनीत सुरक्षित असतो. अशा वेळी काठ्या जमिनीपासून हातभर उंचीवर, सांध्याच्या अगदी वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साठणार नाही.

आता बांधाबद्दल. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यालगत हा लावू नका, हे मी ठामपणे सांगतो. लाल कोळी ही कीड डेलियावरही वाढते आणि स्ट्रॉबेरीवरही. व्हर्टिसिलियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगाचेही तसेच. शिवाय एवढ्या उंच झाडाची सावली ऐन फळधारणेच्या दिवसांत वाफ्यावर पडेल. घराकडची, पर्यटक थांबतात ती बाजू यासाठी चांगली.

फुले बाजारात पाठवण्याचा विचार सोडा. काढल्यावर ती लवकर मान टाकतात, पेटीत टिकत नाहीत. कृषी पर्यटनाच्या आवारात मात्र फुललेले झाड बघायला माणसे थांबतील, आणि मधमाश्याही येतील. पहिल्या वर्षी चार-पाचच झाडे लावा. पावसाळा संपल्यावर एखाद्या झाडाचा कंद उकरून तो घट्ट आहे की मऊ पडला आहे ते पाहा, मगच काठ्या वाढवा.