बँड ऐकायचा तर उभं कुठं राहायचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वांद्र्याला एका छोट्या इंडी (स्वतःची गाणी करणाऱ्या स्वतंत्र बँडच्या) महोत्सवाला गेलो होतो. लवकर पोहोचून मुद्दाम स्टेजला खेटून उभे राहिलो. ड्रम आणि गिटार कानावर आदळत होते, पण गाण्याचा एक शब्द कळेना. साऊंड वाईट होता की आमची जागा चुकली?
— दोन मित्र, डोंबिवली

जागा चुकली. छोट्या स्टेजवरचे ड्रम पहिल्या दोन-तीन रांगांना माइकशिवायही भरपूर ऐकू येतात. गिटारचा अँप (तिचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा) स्टेजवरच असतो आणि त्याचा तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. गायकाचा आवाज मात्र स्पीकरमधूनच येतो. ते स्पीकर स्टेजच्या दोन कडांना, बहुधा उंचावर, मागच्या गर्दीकडे तोंड करून लावलेले असतात. त्यामुळे स्टेजला चिकटलेल्या माणसाच्या डोक्यावरून गाणं निघून जातं.

आत शिरल्यावर आधी साऊंडवाल्याचा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचं टेबल, शोधा. साऊंडवाला जे ऐकतो त्यावरूनच सगळ्या वाद्यांचा तोल ठरवतो, म्हणून त्याच्यापुढे दोन-तीन पावलांवर उभं राहणं सगळ्यात चांगलं. एक अपवाद : पबमध्ये जागा नसल्यामुळे मिक्सर मागच्या भिंतीला टेकवलेला असतो. भिंतीलगत, आणि कोपऱ्यात तर जास्तच, खालचे सूर साचतात आणि सगळं घुमायला लागतं. अशा वेळी भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे या. बाल्कनीच्या खालची जागाही टाळा, तिथं झांजांची आणि शब्दांची धार जाते.

डावी-उजवीकडची गोष्टही बघा. बेसचे मोठे स्पीकर दोन बाजूंना असतील, तर मधोमध दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पोहोचतो. कडेला सरकलात की एका बाजूचा काही मिलिसेकंद उशिरा येतो (आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात), आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बेस गिटारवाला वाजवतोय हे दिसतं, पण अधलेमधले सूर गायब! दोन पावलं मधल्या रेषेकडे सरका, ते परत येतात. जागा जमली की नाही हे पाहायला डोळे मिटून दोनच गोष्टी ऐका : बेस गिटार आणि पायाने वाजणारा मोठा ड्रम वेगवेगळे कळताहेत का, आणि शब्दांची शेवटची अक्षरं ऐकू येताहेत का.

वादकांचे हात जवळून बघायचेच असतील तर एखादं गाणं पुढे जाऊन बघा आणि परत मागे या. छोट्या महोत्सवात हे सहज जमतं. मोठ्या मैदानावरच्या गर्दीत हे सुख नाही.

प्रत्येक बँडचं पहिलं गाणं विस्कळीत का वाटतं? तयारी करून येत नाहीत का?
— एक वाचक, परळ

तयारी असते, वेळ नसतो. दोन बँडच्या मध्ये जेमतेम वीस-तीस मिनिटं मिळतात. ड्रमचा संच आणि अँप सगळ्यांना मिळून एकच, ड्रमर आपला स्नेअर (काडीने वाजणारा छोटा, कडक आवाजाचा ड्रम), झांजा आणि पायाचं पेडल तेवढं आणतो. पूर्ण साऊंड चेक बहुतेक वेळा शेवटच्या बँडलाच दुपारी मिळतो. बाकीच्यांचा होतो लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइकमधून आवाज येतोय एवढंच तपासणं. खरा तोल पहिल्या गाण्यात, तुमच्यासमोर बसवला जातो. दुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये जमवलेलंही रात्री बदलतं, कारण माणसांची गर्दी वरचे सूर शोषून घेते.

मधूनच येणारा तो 'कुंईऽ' आवाज बऱ्याचदा गायकाच्या हातामुळे येतो. माइकची जाळी मुठीत धरली की समोरच्या मॉनिटर स्पीकरचा (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचा) आवाज माइकमध्ये जास्त शिरतो आणि तिथंच फिरत राहतो. एसी खोलीत सुरात लावलेली गिटार आपल्याकडच्या दमट हवेत आली की उतरते किंवा चढते, म्हणून दोन गाण्यांमध्ये सूर लावणाऱ्या वादकावर ओरडू नका. नव्या बँडबद्दल मत बनवायचं तर तिसऱ्या गाण्यानंतर बनवा.

कार्यक्रमानंतर रात्रभर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते. कापूस घालून चालेल का?
— एक वाचक, ठाणे

कापसाने विशेष काही होत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास कानाला इजा न होता ऐकता येतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. बंद हॉलमध्ये १०० गाठणं अवघड नाही.

स्वस्तातले फोमचे बोळे चालतात, पण घालण्याची पद्धत हवी. बोटांनी वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धवट घातलेला बोळा जवळजवळ न घातल्यासारखाच. फोम वरचे सूर जास्त कापतो, त्यामुळे संगीत मंद वाटतं. नेहमी जात असाल तर वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. ते सगळे सूर जवळपास सारखेच कमी करतात. मध्ये एखाद्या बँडला बाहेर पडून कान मोकळे करा. लहान मुलांना कानावर बसणारे इअरमफ हवेतच, आणि त्यांना स्पीकरसमोर कधीच उभं करू नका.

दोन दिवसांनीही शिट्टी थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा, कारण तिथं उपचाराला उशीर झाला की ऐकणं परत येण्याची शक्यता घटते.

उघड्यावरचे कार्यक्रम बरोबर दहाला का थांबवतात?
— एक वाचक, गिरगाव

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. शिवाय रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव जिथं गाजला, ते धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रात्रीच्या संगीताला मुकलं, आणि मुंबईचं ते फार मोठं नुकसान आहे.

तुमच्यापुरता अर्थ एवढाच : कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी दहाची वेळ हलत नाही, कापली जातात ती शेवटच्या बँडची गाणी. पाच बँड असतील तर दुपारी चारलाच पोहोचा. तेव्हा गर्दी कमी असते, मिक्सरपुढची जागा मोकळी असते, आणि पहिल्या दोन बँडना ऐकणारी माणसं हवी असतात.