नोंदणी करा, पण घर गहाण टाकू नका

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वय ३४. साताऱ्यात एका कंत्राटदाराकडे दहा वर्षं साइट सांभाळतो, पगार ४५ हजार. आता सार्वजनिक बांधकाम विभागात स्वतःच्या नावाने कंत्राटदार म्हणून नोंदणी करायची आहे. शिल्लक ९ लाख. घर तारण ठेवून बँक आणखी १२ लाख द्यायला तयार आहे. नोकरी सोडू का?

उत्तर : नोंदणी जरूर करा. अनुभवाचे दाखले, ऐपतीचा दाखला, पॅन, जीएसटी ही कागदपत्रं जमवायला चपला झिजतील, पण पैसा फार लागणार नाही. पैसा लागतो तो काम मिळाल्यानंतर. म्हणून तुमचा तारण कर्जाचा बेत मला अजिबात पटलेला नाही.

हिशेब मांडून बघू. १० लाखांचं काम तुम्ही १० टक्के बिलोने, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा तेवढ्या कमी दराने, ९ लाखांना घेतलं. जीएसटी वेगळा मिळतो, तो बाजूला ठेवू. माल, मजुरी धरून तुमचा खर्च ८ लाख १० हजार, म्हणजे नफा ९० हजार. आता बिल निघताना १ टक्का आयकराचा टीडीएस, २ टक्के जीएसटीचा टीडीएस, १ टक्का कामगार उपकर कापला जाईल. सुरक्षा ठेव ५ टक्के धरली तर एकूण ८१ हजार कापून हातात येतील ८ लाख १९ हजार. खर्च वजा जाता उरले फक्त ९ हजार! टीडीएस पुढे करात वळता होतो, ठेव दोषदायित्व कालावधी (कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपल्यावर मिळते, उपकर मात्र गेला तो गेला.

हे झालं बिल वेळेवर निघालं तर. तेच नऊ महिने अडकलं आणि खर्चाची रक्कम ११ टक्क्यांच्या कर्जातून आलेली असली, तर व्याजच सुमारे ६७ हजार होतं. उपकर आणि व्याज वजा करा, ९० हजारांचे १४ हजार उरतात. शिवाय इन्व्हॉइस काढलं की पैसे आले नसले तरी जीएसटी भरावाच लागतो. थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.

मी हे घरात भोगलं आहे. माझे वडील छोटे कंत्राटदार होते. शाळेच्या दोन खोल्यांचं बिल एका कार्यालयात दोन आर्थिक वर्षांचे मार्च एंड उलटेपर्यंत अडकून पडलं. एमबीच्या (झालेल्या कामाच्या मोजमाप वहीच्या) पानांच्या झेरॉक्स निळ्या फायलीत घालून ते दर सोमवारी जायचे. ‘तरतूद नाही’ एवढंच ऐकून परत यायचे. सिमेंटवाल्याची उधारी आईच्या पाटल्यांनी भागली. काम चोख होतं, हिशेबही चोख होता. हाताशी रोकड तेवढी नव्हती.

म्हणून ९ लाखांतले ३ लाख घरखर्चासाठी एफडीत ठेवा आणि धंद्यासाठी त्यांना हात लावू नका. १ लाख नोंदणी, टर्म इन्शुरन्स आणि मजुरांच्या अपघात विम्यासाठी. धंद्याला उरले ५ लाख, तेवढ्यातच बसतील अशी कामं घ्या.

सुरुवात मी खासगी बंगल्यांपासून करेन. तिथे प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर पैसे मिळतात, आगाऊही मागता येतात. असे दोन बंगले हाती आले की मगच राजीनामा. सरकारी काम एका वेळी एकच, तेही ३-४ लाखांचं. निविदा भरण्याआधी त्याच विभागात कामं करणाऱ्या तिघांना विचारा : गेल्या महिन्यात कोणत्या महिन्याची बिलं निघाली? वर्षभर जुनी निघत असतील तर ते काम सोडून द्या, दर कितीही चांगला असो. आणि एक, नोकरी चालू असताना सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करू नका. कोणी कितीही ‘चालतं हो’ म्हणालं तरी तिथे खोटं लिहून देऊ नका.

पत्रात वहिनींचा उल्लेख कुठेच नाही. घर दोघांच्या नावावर असेल, तर हा कागद आधी त्यांच्यापुढे ठेवा आणि बँकेला या आठवड्यातच नकार कळवा.